एक दार, दोन चुली

आमचं रेशनकार्ड बंद झाल्याचं मला दुकानात अंगठा लावल्यावर कळलं. दुकानदार म्हणाला, "अम्मा, तुमचं नाव उडालं. तुमच्या घरात कार आहे म्हणे." रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले. मला तर सायकलसुद्धा चालवता येत नाही. घरी येताना मात्र हातात रिकामी पिशवी होती. नवरा गेल्यापासून मी आणि माझ्या दोन मुली, आम्हा तिघींचं त्या तांदळावर भागतं.

कार माझ्या दिराची. तो ती भाड्यानं फिरवतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, म्हणून दार एक, दाराचा नंबर एक. पुढची खोली माझी, मागच्या दोन दिराच्या. सासरे गेल्यावर सासूबाईंनी भांडी वाटली, आम्हा दोघी जावांच्या ओटीत तांदूळ घातले आणि दोन शेगड्या वेगळ्या पेटल्या. चूल वेगळी झाली की घर वेगळं, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं.

काचीगुड्यात मी एका वकीलबाईंकडे पोळ्या करते. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं नाव कुणी हातानं काढलेलं नाही. सगळ्यांचे कागद यंत्रात घालतात आणि यंत्र जुळवाजुळव करतं. त्यानं एक दार, एक आडनाव बघितलं आणि तुम्हाला एकच कुटुंब ठरवलं."

चूक थोडी माझीही होती. घरोघरी नोंद करणारे आले तेव्हा परकी माणसं म्हणून मी पडद्यामागेच राहिले. दिरानं दोन्ही घरांचं एकदमच सांगून टाकलं.

"मग यंत्रावर केस करायची का?" मी विचारलं.

बाई हसल्या. "यंत्राला कोण धरणार? कायदा माणसाला धरतो. यंत्रानं खुशाल बोट दाखवावं. पण कुणाचं काही काढून घ्यायचं तर आधी त्याला विचारायला हवं, कारण लिहून द्यायला हवं आणि खाली माणसाची सही हवी. तू एवढंच माग. कारण आणि सही."

"तुम्ही चला ना, बाई."

"मी आले तर रेशन ऑफिसातला साहेब माझ्याशी बोलेल. त्यानं तुझ्याशी बोलायला हवं."

अर्ज त्यांनी इकडच्या सरकारी भाषेत, तेलुगूत, लिहून दिला. सोबतीला मी जावेला नेलं. आमचं फारसं पटत नाही, पण तिच्या जिभेचा मला आधार वाटला.

साहेबांनी अर्ज बघितलाही नाही. "कंप्यूटर बोल दिया तो मैं क्या करतूं, अम्मा?"

टेबलाकडे बघत मी म्हणाले, "कंप्यूटर काय बोलला ते कागदावर द्या, साहेब. आणि खाली तुमची सही करा."

त्यांनी मान वर केली. "मेरी सही कायको?"

"कार्ड तुमच्या ऑफिसनं बंद केलं. मग सही कुणाची घेऊ?"

ते म्हणाले, दार एक आहे, म्हणजे कुटुंब एकच. तेवढ्यात जाऊ पुढे आली.

"एक कुटुंब? हिच्याशी? अहो साहेब, हिची आमटी म्हणजे नुसतं चिंचेचं पाणी. माझी पोरं तोंड लावत नाहीत!"

"आणि हिच्या भाकरीनं खिळा ठोकावा," माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या माणसांसमोर मी असं कधी बोलले नव्हते.

अख्खं ऑफिस हसलं. साहेब म्हणाले, "बस करो अम्मा, समझ गया." पण समजलं एवढ्यानं भागणार नव्हतं. मी पुन्हा सही मागितली. शेवटी त्यांनी लिहून दिलं की माणूस पाठवून घर बघू आणि मगच ठरवू.

माणूस आला. मी स्वतः दार उघडलं, माझी शेगडी, माझा सिलेंडर, माझे डबे दाखवले. जावेनं तिच्याकडे चहा पाजला, मीही माझ्याकडे पाजला. बिचाऱ्याला दोन्ही प्यावे लागले. पंधरा दिवसांनी कागद आला. दोन कुटुंबं वेगळी, कार्ड चालू. खाली साहेबांची सही आणि शिक्का.

बाई म्हणाल्या, यंत्र पुढच्या वर्षी पुन्हा हेच करू शकतं. करू दे. यंत्राच्या आत काय चालतं ते मला कधी कळणार नाही, आणि त्याची मला गरजही नाही. त्यानं सांगितलेलं खरं धरायचं की नाही, याची जबाबदारी एका माणसानं सहीनिशी घ्यायची, एवढं मला पुरे.

मागच्या आठवड्यात गल्लीतली एक म्हातारी रडत आली. यंत्रानं तिला मेलेली ठरवलं होतं. मी तिला त्याच ऑफिसात नेलं. सही तिनंच मागितली. मी नुसती बाजूला उभी होते.