नावेला पाजायचं पाणी

माझ्या सासरी नाव दर उन्हाळ्यात मुद्दाम बुडवायचे. नवी नवरी असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांचं डोकं फिरलं. मांजरा नदीचं पाणी ओसरलं की ते नावेत दगड भरून तिला डोहाच्या तळाशी बसवायचे. उन्हात राहिली तर फळ्या आकसून फटी पडतात, म्हणून. पाऊस लागला की दगड काढायचे, पाणी उपसायचं, नाव वर घ्यायची. गावाला पल्याड नेणारी तेवढी एकच नाव होती.

दुष्काळाच्या साली डोहच आटला. नाव आधी गाळात रुतली, मग गाळही वाळून तडकला. मी पोटुशी होते. नदीत खणलेल्या झिऱ्यातून दिवसभरात जेमतेम एक घागर भरायची. सासरे त्यातलं तांब्याभर पाणी नावेवर टाकलेल्या गोणपाटांवर शिंपायचे. एक दिवस सासूबाईंनी पाहिलं आणि घागर ओढून घेतली.

"अवं, सून पोटुशी हाय. तिच्या तोंडचं पाणी लाकडाला पाजायलात?"

"तिच्यासाठीच पाजायलोय. दवाखाना पल्याड हाय."

"असू द्या. आदी ती जगली पायजे."

सासूबाईंपुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. ते पाणी मी प्यायले, आणि खरं सांगते, गोड लागलं. इकडं फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या.

पुढं पाऊस आला तो वैऱ्यासारखा. सासऱ्यांनी गाळातून नाव मोकळी केली, अंबाडीचे धागे डांबरात बुडवून फटींत ठोकले, कुजल्या फळीवर पत्रा मारला. आता काही दिवस ती पाण्यात मुरली असती तर लाकूड फुगून फटी मिटल्या असत्या. पण मला दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. सुईणीनं हात टेकले.

मला नावेत घालून पल्याडच्या दवाखान्याला निघालो, तर नदीच्या मध्यावर फटींतली अंबाडी सुटली. सासूबाई त्याच घागरीनं पाणी उपसत होत्या आणि सासऱ्यांना, देवाला, मला, सगळ्यांना शिव्या घालत होत्या. सासऱ्यांनी नाव माघारी वळवली. मी वाचले. मुलगी होती. रडलीच नाही.

पूर ओसरल्यावर सासऱ्यांनी नावेत पुन्हा दगड भरले आणि डोहात सोडली, ती कायमची. कुणी विचारलं तर "लाकूड मेलं," एवढंच म्हणायचे. सासूबाईंना त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग लातूर जिल्हा झाला, नदीवर पूल झाला. पहिल्यांदा एसटीनं पुलावरून गेलो तेव्हा धाकटा माझ्या मांडीवर होता. लोक खिडकीतून नदीत पैसे टाकत होते. खाली डोह तुडुंब भरलेला. सासूबाईंनी पिशवीतून तांब्या काढला. वाटेत नातवाला लागेल म्हणून आणलेलं पाणी होतं त्यात. तो त्यांनी खिडकीबाहेर पालथा केला.

"पी गं बाई," म्हणाल्या, "पी."