‘उदास’ लिहायचं नाही

“‘उदास’ लिहायचं नाही,” मी म्हटलं.

“मग काय लिहू, प्रसन्न? सुंदराबाई, अर्धा कागद काळा केलाय तुम्ही.”

“पूर ओसरला की गाळ उरतो. तो काळाच असतो.”

जोशीसर चिठ्ठी हातात धरून उभे, मी भिंत अडवून उभी. अंबरनाथला शाळेच्या खोलीत दर रविवारी ते कोळशानं निसर्गचित्रं काढायला शिकवायचे. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक चित्राखाली त्याचा भाव एका शब्दात लिहायचा. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. चिठ्ठी नाही तर चित्र भिंतीवर नाही. चित्र होतं नदीकाठच्या मांजर्लीतल्या आमच्या घराचं, पूर ओसरल्यानंतरचं, आणि ते बघायला माझ्या माहेरची माणसं येणार होती. लेकीच्या घराखाली ‘उदास’ वाचून ती काय समजली असती? सासरी जाच आहे, दुसरं काय!

हे पन्नास सालानंतरचं. कोळशाचा भुगा कितीही झाडा, कुठल्यातरी फटीत राहतोच. त्या वर्गातले किस्से माझ्यात तसे राहिलेत.

*

चित्र काढायला मला कुणी शिकवलं नाही. वर्गात मी जायचे ते सरांशी वाद घालायला. कोळसाही घरचाच. तुरीच्या काड्या डब्यात बंद करून चुलीत भाजायच्या. एकदा बघते तर डबा रिकामा, आणि सासूबाई ओट्यावर चूळ भरतायत.

“सूनबाई, ही मशेरी झ्याक झाली गं. पुढच्या खेपेला जरा जास्त कर.”

माझे सगळे डोंगर त्यांनी दाताला घासले होते.

*

कारखान्यात माल तपासणारे एक साहेब यायचे, देसाई म्हणून. मलंगगड पट्टी लावून काढायचे.

सर म्हणाले, “देसाई, निसर्गात सरळ रेघ नसते.”

“मग निसर्गाचं इन्स्पेक्शन नीट झालेलं नाही,” साहेब म्हणाले आणि पट्टी पुन्हा लावली.

*

कोळसा पुसायला आम्ही पावाचा मऊ गर वापरायचो. एकदा देसाईसाहेबांनी खाता खाता उरलेला मस्कापावच कागदावर फिरवला. लोण्यावर कोळसा काही केल्या बसेना. गडाच्या माथ्यावर गोल, पिवळट डाग राहिला.

सरांनी कागद उजेडाकडे धरला. “देसाई, हा चंद्रप्रकाश आणलात कुठून?”

“कॅम्प पाचच्या बेकरीतून.”

*

फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या छावणीतल्या, कॅम्प चारमधल्या गोपीबाई सिंधी होत्या. नवऱ्याचं कापडाचं छोटं दुकान. त्यांनी कागदभर बराकी काढल्या, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी.

सर म्हणाले, “छान. पण यातला भाव कोणता?”

“मास्टरजी, सब एक जैसी है ना. गलत दरवाजे में घुसो तो पडोसन चिल्लाती है. वही भाव.”

सरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘गोंधळ’.

*

सरांना काही येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नुसता आंगठा फिरवून ते जवळचा डोंगर दूर नेऊन ठेवायचे. ते मला आजही जमत नाही. पण दुसऱ्याच्या चित्रात काय वाटतंय ते आपणच सांगायचं, ही खोड मात्र वाईट.

तर त्या चिठ्ठीवरून आमची जुंपलेली. देसाईसाहेब खिळा-हातोडी घेऊन ताटकळत उभे. गोपीबाई म्हणाल्या, “मास्टरजी, लिख दो ना कुछ अच्छा.”

“असं कसं लिहू? चित्र बोलतं ते लिहायचं.” सर माझ्याकडे वळले. “गाळ सोडा, बाई. तुमचं ते म्हणणं मान्य. पण हे बघा, दार लोटलेलं. ओटा रिकामा. अंगणात माणूस नाही, साधी कोंबडी नाही. सांगा मला, एवढ्या मोठ्या चित्रात एकही माणूस का नाही?”

“माणसं आत जेवायला बसलीत सर, हाक मारू का?”