बल्बवर न लिहिलेली मुदत

श्रीपादअण्णा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी केशवापुरातल्या घरी दाढी करत होतो. आरशावरचा बल्ब अण्णांनीच दुरुस्त केलेला होता. त्या फोनला आता दीड महिना झाला. अण्णा माझे थोरले मावसभाऊ. कमरीपेठेत त्यांचं विजेच्या सामानाचं लहानसं दुकान होतं, आणि शेवटचं वर्षभर मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो.

जुने पिवळे बल्ब गेले, नऊ वॅटचे एलईडी आले. वीज कमी लागू लागली. पण वर्षानुवर्षं टिकतील म्हणून घेतलेले हे बल्ब मधेच बंद पडत. अण्णा वरचं टोपण काढून दाखवत. आत बारीक दाण्यांची माळ असते, एक दाणा जळाला की सगळी विझते. जळक्या दाण्यावर ते डाखाचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा थेंब टाकत. "एकापायी बाकीच्यांना कशाला मारायचं?" मग बजावत, "उरलेल्यांवर भार वाढतोय. फार तर सा महिने." बल्बच्या बुडाशी निळ्या पेनानं ती मुदत लिहूनही देत.

दुकानात चहा पिताना ऐकलेलं हे मी आमच्या पेपरातल्या माझ्या एका लेखात घातलं. दुरुस्त केलेला बल्ब लवकर जातो, नवा घेणंच शहाणपणाचं, असं लिहिलं. अण्णांचं नाव दिलं नव्हतं, फक्त कमरीपेठेतलं दुकान म्हटलं होतं. 'गिऱ्हाइकाला मुदत आधी सांगितली जाते' हे वाक्यही लिहिलं होतं. मजकूर दोन ओळी जास्त झाला, तेव्हा मी नेमकं तेच कापलं. कमरीपेठेत हे काम करणारे अण्णा एकटेच... फसवता म्हणून लोक येऊन भांडले, नंतर गिऱ्हाइकं येईनाशी झाली.

महिन्याभरानं मी घरचा बंद बल्ब घेऊन गेलो. खरं तर माफी मागायला.

"या, बातमीदार! नवा घ्यायचा सोडून इकडं कुठं?" अण्णा हसले. डाख लावला, पेटवून पाहिला.

"अण्णा, त्या लेखातलं एक वाक्य..."

"इरली बिडो," सोडून दे म्हणत त्यांनी हात झटकला. "छापलास ते खरंच हाय की."

बल्बचं बूड कोरं होतं. मुदत लिहिली नाही का, मी विचारलं.

"तू पेपरात लिवलास की. आणि मी कशाला?"

माफी पुढच्या खेपेवर टाकून मी निघालो. ती खेप झालीच नाही.

कापलेलं वाक्य आज इथे छापतो आहे. श्रीपादअण्णा गिऱ्हाइकाला मुदत आधी सांगत. ते वाचायला अण्णा नाहीत. आरशावरचा बल्ब रोज सकाळी पेटतो. सहा महिने कधीच उलटून गेले. काल पुसायला म्हणून तो काढला आणि बूड फिरवून पाहिलं... कोरंच आहे.