शेजारच्या खुर्चीतलं मराठी

पन्नाशीत पुन्हा वर्गात बसावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. फरीदाबादच्या ज्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली, तिने आमचा विभागच बंद केला. नवरा हयात नाही, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. नोकरी हवीच होती. म्हणून नोकरी शोधणाऱ्यांच्या एका प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. पहिल्या दिवशी चाचणी घेऊन त्यांनी ठरवलं, की मला कॉल सेंटरमध्ये बोलण्याचं काम जमेल. मी बोलघेवडी आहे हे आमच्या आईने चाचणीशिवाय सांगितलं असतं.

शेजारच्या खुर्चीवर तिशीतली एक मुलगी बसायची. दुसऱ्याच दिवशी ती फोनवर मराठीत बोलली आणि मी चटकन तोंड फिरवलं. एरवी इथे कुठे मराठी कानावर पडलं, तर भर बाजारात "तुम्ही मराठी का?" म्हणून धावणारी मी. पण गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर मिरवणारी बाई इथे नोकरी मागत बसलीय, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो?

"आंटी, आप कहाँ से हैं?" तिने विचारलं.

"यहीं से," मी म्हणाले.

झालं, ती निर्धास्त झाली. रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसूनच आईला फोन लावायची. नवऱ्याची नोकरी गेली होती, तो दिवसभर पडून असायचा, तिच्यावर हात उचलायचा. "सासरी काही बोलू नकोस गं, आई," म्हणत ती रडायची आणि मी काही न कळल्यासारखी पराठा चावत राहायची. संध्याकाळी हेच सगळं मी पुण्याला बहिणीला सांगायची, वर तिखटमीठ लावून. आपल्यापेक्षा कुणाचं तरी जास्त बिघडलंय, याने मला बरं वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटच्या आठवड्यात प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "महाराष्ट्र के कस्टमर्स के लिए लोग चाहिए. मराठी किसे आती है?"

तिचा हात लगेच वर गेला. मी मान खाली घातली. मग माझ्या लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मीही हात वर केला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅडमना मात्र आनंद झाला. एक जण ग्राहक, एक जण कर्मचारी. दोघी मराठीत बोला, रेकॉर्डिंग पुण्याला पाठवू, तिथले लोक ऐकून ठरवतील. ग्राहक ती झाली.

"नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू शकते?" मी सुरुवात केली.

"माझी तक्रार आहे," ती म्हणाली. "एक बाई रोज माझ्या शेजारी बसून माझं घरातलं बोलणं ऐकत होत्या. त्यांना सगळं कळत होतं."

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते."

"त्यांनी ते कुणाला सांगितलं का?"

"नाही, मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं. "वाह! बिल्कुल असली कस्टमर लग रही थी!"

आम्हा दोघींनाही नोकरी लागली. तिथेही आमच्या खुर्च्या शेजारीशेजारीच आहेत. ती मला ताई म्हणते, कधी डब्यातलं देतेसुद्धा. आईचा फोन आला, की मात्र उठून जिन्यात जाते.