दिवसाआडची गोळी

"लईच सस्ती झाली की, म्याडम! पर गोळी असली हाय ना?" सोमनाथनं नवं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

मी आधीच वैतागलेली होते. अंबाजोगाईत आमच्या सहकारी संस्थेचं मेडिकल आहे, तिथं मी फार्मासिस्ट. दुष्काळानं गिऱ्हाईक आटलेलं. "एका पेशंटसाठी माल कशाला भरता?" म्हणून चेअरमनसाहेबांनी सकाळीच झापलं होतं. मी भांडूनच मागवला होता.

सोमनाथला समजावलं. नवं औषध काढणाऱ्या कंपनीला ते ठरावीक वर्षं एकटीनं विकायचा हक्क असतो, तो पेटंट. तो संपला की इतर कंपन्याही तेच औषध करतात. ते जेनेरिक. गुण तोच, किंमत कमी.

त्याच्या बायकोला, कौसाबाईला, रक्ताचा कॅन्सर होता. रोज एक गोळी घेऊन ती नवऱ्याच्या बरोबरीनं ऊस तोडायची. त्या गोळीचं पेटंट संपलं म्हणून मला कोण आनंद झाला होता!

"कौसाबाई कशा आहेत?"

"लई थकतीय आता."

"गोळी चुकली का?"

"न्हाई बा. एक बी वाया न्हाई घालवली. दिवसाआड दिली."

"दिवसाआड? डॉक्टरांनी सांगितलं?"

"न्हाई, आमीच. सस्ती येणार म्हनले डाक्टर, तवर पुरवायची व्हती. टँकर बी दिवसाआडच येतो, म्याडम. पुरवून वापरलं की भागतं."

सगळं नीट निभावल्यासारखा तो सांगत होता. ही गोळी रक्तात रोज पुरेशी लागते. कमी पडली तर रोग तिला सरावू शकतो, मग ती लागू पडत नाही.

कौसाबाईला घेऊन त्याला तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं. तपासण्या झाल्या. भीती खरी ठरली. आता वेगळी गोळी लागणार होती. सोमनाथ पाकीट घेऊन परत दुकानात आला.

"मंग ती द्या."

"ती फार महाग आहे, सोमनाथ. तिचं पेटंट अजून चालू आहे."

"कवा सरंल?"

"बरीच वर्षं आहेत."

नवं पाकीट त्यानं काउंटरवर माझ्याकडे सरकवलं. मदत मिळावी म्हणून मी अर्ज केले, चेअरमनसाहेबांनीही फोन फिरवले. काही हाती लागायच्या आत कौसाबाई गेली.

आमच्याकडे ऊसतोडीला नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पुढच्या हंगामात मुकादमानं सोमनाथला नेलं ते अर्धा कोयता म्हणून.

आता अमुक औषध स्वस्त कधी होणार असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, घरातली गोळी रोज घेताय ना?