दोनदा वाजलेली कडी

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवून ह्यांना विचारलं, "काका, ह्या कोण?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग मॅडमकडे वळून मान हलवली. माहीत नाही.

माझ्या मांडीवर ह्यांची पिशवी होती. तिचे बंद मी घट्ट धरून बसून राहिले.

माझ्या यजमानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला तेव्हा काही महिने झाले होते. चालणं काठीवर का होईना परत आलं, बोलणं आलं नाही. मुलीने चौकशी करून घाटकोपरच्या एका दवाखान्यात नाव घातलं. तिथे बोलायला शिकवणाऱ्या मॅडम बसतात. मुलगी अंधेरीला ऑफिसात जाते, पण शनिवार तिने आमच्यासाठी मोकळा ठेवला. मॅडम वयाने तिच्याएवढ्याच. पहिल्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं की काकांचे शब्द पुसले गेलेले नाहीत, आत आहेत, तिथे जायची वाट बुजली आहे. आपण खूण द्यायची, म्हणजे वाट सापडते. त्यांनी कपाचं चित्र दाखवून नुसतं "च" म्हटलं आणि ह्यांच्या तोंडून "चहा" निघाला. मी पदर डोळ्यांना लावला. मग गाय आली, केळं आलं, चष्मा आला. पहिलं अक्षर दिलं की पुढचं घरंगळत यायचं.

त्या शनिवारी माणसांची पाळी होती. मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर मॅडमनी उच्चारायचा अवकाश, ह्यांनी तिचं नाव घेतलं, तेही घरी लाडात घेतात त्याच हेलात. मुलगी हसता हसता रडली. मग मी. मॅडमनी एक अक्षर दिलं. दोन दिली. शेवटी माझं सगळं नाव म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, माझ्यामागून म्हणा. हे ऐकत होते, पण कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललंय असं.

"बाबा, असं काय करता?" मुलगी म्हणाली. "आई आहे ना ही."

तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले. जन्मभर हे बसचे कंडक्टर होते. सुट्टे पैसे काढून ठेवणाऱ्या प्रवाशाकडे बघून हसायचे, तसं ते हसू होतं. चांगलंच होतं. माझं नव्हतं.

रिक्षात मुलगी मला समजावत होती. आजारात असं होतं, हळूहळू येईल, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी बाहेर बघत होते, पण काय दिसलं ते सांगता येणार नाही. माझी समजूत अशी होती की ह्यांचं बोलणं गेलंय. त्यांच्यातून मीच गेले असेन, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही मुलुंडला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यात शेजारीण भेटली. ती आमच्या लग्नापासूनची, तिच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, "काय गं, बोलला का तुझा कंडक्टर? सुट्टे दे म्हणाला असेल." मी म्हटलं, चहा म्हणाले, चष्मा म्हणाले. पुढचं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. असलं कुणाला सांगायचं म्हणजे आधी आपल्याला मोठ्याने ऐकावं लागतं.

त्या आठवड्यात मी चोरून ह्यांची परीक्षा घेत राहिले. ह्यांनी आणलेली मोरपंखी साडी घरात नेसले. आमटीत आमसूल घातलं नाही, म्हणजे एरवीसारखं ताट थोडं पुढे सारतात का बघावं. साडीकडे पाहिलं नाही, आमटी मुकाट्याने जेवले. चहा देताना मी "च" म्हटलं की "चहा" म्हणायचे. पण ते कुणीही "च" म्हटलं तरी म्हणाले असते. शेजारणीलाही म्हणाले असते.

पुढच्या शनिवारी दवाखान्यातून परत आलो. भात टाकायचा म्हणून मी पुढे झाले, मुलगी ह्यांना सावकाश जिन्याने आणत होती. दार मी उघडंच ठेवलं होतं. हे दुखणाईत झाल्यापासून आमचं दार कायम उघडं किंवा मुलीच्या हातात चावी, कधी बाहेर थांबायची वेळ ह्यांच्यावर आलीच नव्हती. मुलगी ह्यांना दारापर्यंत सोडून खाली राहिलेली औषधाची पिशवी आणायला गेली. तेवढ्यात गॅलरीतून वारा आला आणि दार धाडकन लागलं. मी तांदूळ धूत होते.

बाहेरून कडी वाजली. टक-टक.

बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे ड्युटीवरून आले की दाराची कडी तशी दोनदा वाजवायचे. बेल आहे आमच्याकडे, पण ती पाहुण्यांची. इतकी वर्षं मी आतून एकच उत्तर देत आले, कारण त्या वेळेला माझे हात नेहमी कशात तरी असायचे. त्या दिवशीही विचार न करता तेच तोंडातून गेलं, "थांबा हो, हात ओले आहेत." म्हटलं आणि माझं मलाच काहीतरी खटकलं. कडी कोणी वाजवली?

मी दार उघडलं. हे समोर उभे, खांद्याला ती ड्युटीपासूनची पिशवी, काठी काखेत धरून डावा हात अजून कडीवर. माझ्याकडे न बघता, चपला काढता काढता म्हणाले, "आलो गं. आधी पाणी दे."

अडखळले नाहीत. अक्षराला अक्षर जोडून नाही. रोज यायचे तसेच आले आणि रोज म्हणायचे तेच म्हणाले. मुलगी जिन्यात अर्ध्यावर थांबली होती, एक हात कठड्यावर. मी पाणी आणायला वळले. पेला भरताना निम्मं ओट्यावर सांडलं. पाणी पिऊन हे खुर्चीत बसले आणि पुन्हा मुके झाले. मुलीने काय काय विचारलं, हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मला धक्का बसला तो बोलण्याचा, आणि त्यामागून दुसरा. ह्यांनी माझं नाव कधी घेतलंच नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून ठेवलेलं ते नाव. उखाण्यात बायकांनी अडवून घ्यायला लावलं, तेव्हा मान खाली घालून इतकं हळू घेतलं की पुन्हा घ्या म्हणून गलका झाला. त्यानंतर कधीच नाही. ते नाव आधार कार्डावर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे. ह्यांच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. मॅडम मला तिथे शोधत होत्या आणि मी तिथे नव्हते. पण मॅडमना काय माहीत. मीसुद्धा आठवडाभर स्वतःला तिथेच शोधत होते, ह्याचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने उत्साहाने ह्यांना दाराबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लावलं. काही झालं नाही. हे लहान मुलासारखे उभे राहिले. घरातल्या कपड्यांत होते, खांदा मोकळा होता. मग कधी चपला घालून आणि पिशवी देऊन पाहिलं. तेव्हा कडी वाजली, शब्दही आले, कधी दोन्ही, कधी एकच. मला प्रत्येक वेळी आतून माझं वाक्य म्हणावं लागायचं. मी ते म्हटलं नाही तर ह्यांचं अडायचं.

मॅडमना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. मला म्हणाल्या, काकू, घरी काका तुम्हाला काय हाक मारतात? मुलगीच म्हणाली, "हाक कसली, नुसतं 'गं' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं आईचं नावच 'गं' आहे." मॅडम हसल्या, मीही हसले. त्या म्हणाल्या, मग नाव राहू दे, आपण दारापासून सुरुवात करू.

तरी माझ्या मनातलं गेलं नव्हतं. दार, पिशवी, कडी ह्यांना आठवत होती. पाणी आठवत होतं. दार उघडणारी आठवत होती की नाही, हे कसं कळणार? दुसरं कुणी उघडलं असतं तरी "आलो गं" म्हणाले असते का? आणि आतलं ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या आवाजात आलं असतं तर? हे मी मुलीला विचारलं नाही, मॅडमना तर नाहीच.

परवा मुलगी ऑफिसला गेली होती. हे खुर्चीत बसलेले बघून मी दार ओढून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या कोळणीकडून बांगडे आणायला गेले. ती माहुलहून येते, दुपारच्या आत टोपली आवरून उठते. परत आले तर एका हातात मासे, दुसऱ्यात भाजी. चावी भाजीच्या हातातच होती. आत एकटे आहेत, दार एकदम उघडलं तर दचकतील, म्हणून मी चावीने कडीवर वाजवलं. मुद्दाम नाही, पण हात ह्यांच्यासारखाच पडला. टक-टक.

आतून ह्यांचा आवाज आला.

"थांबा हो, हात ओले आहेत."

माझं वाक्य. माझा हेल, शेवटी मी चढवते तोच सूर, पुरुषी घशातून. मी दाराबाहेर उभी राहिले. माशांच्या पिशवीतून पाणी पायावर ठिबकत होतं. म्हणजे इतकी वर्षं पिशवी खांद्याला लावून, दमून, दार उघडायची वाट बघत हे इथे उभे राहिले आणि रोज माझा आवाज ऐकत राहिले. हे जिथे उभे राहायचे तिथे मी उभी होते, आणि आत मी होते.

चावी दोनदा चुकली. दार उघडलं तेव्हा हे खुर्चीतच होते, माझ्याइतकेच दचकलेले. दाराकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी गुडघ्यावरचा डावा हात उचलला, उलटा करून त्याच्याकडे पाहिलं. कोरडा होता. मग माझ्याकडे पाहिलं.