कुलूप एकदाच पाहायचे असते

हातोदजवळच्या वीज उपकेंद्राबाहेर शिडी पाऊण तास खांबाला टेकलेली होती आणि परमिट मिळत नव्हते. परमिट म्हणजे लाइन बंद केल्याची सही केलेली लेखी हमी. त्या सहीच्या भरवशावर माणूस तारेला हात लावतो. सही करणाऱ्या रेवती मॅडम मात्र पाचव्यांदा यार्डात गेल्या होत्या. स्वतःच लावलेले कुलूप पाहायला.

"मैडमजी, चढ़ें, कि आज सीढ़ी की पूजा ही करनी है?" लाइनमनांचा मुखिया रामेश्वर म्हणाला.

हा प्रसंग हल्ली तीन तऱ्हांनी सांगितला जातो. तिन्ही चुकीच्या आहेत. निवृत्तीनंतर नव्या इंजिनिअरांना शिकवण्यासाठी मला पुन्हा बोलावले होते, त्यामुळे मी तेथे होतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे नव्हते.

साताऱ्याहून इकडे हिंदी मुलखात आलेल्या रेवतीबाईंचे काम चोख होते. सप्लाय तोडायचा, स्विचला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, तारेत वीज नाही हे टेस्टरने पाहायचे, तार जमिनीला जोडायची आणि मग सही. यात त्या कधी चुकल्या नाहीत. सहीची वेळ आली की मात्र भीतीने पेन खाली ठेवून त्या पुन्हा कुलूप पाहायला निघत.

विभागाच्या साहेबांनी निकाल दिला, "पंधरा दिवस पाहू, नाहीतर स्टोअरमध्ये बसवू. लाइन बंद राहिली की देपालपूरच्या तक्रारींचे फोन मला उचलावे लागतात."

रेवतीबाई मला म्हणाल्या, "सर, एकदा स्टोअरमध्ये गेले की यार्ड पुन्हा मिळणार नाही."

साहेबांनी एका वेलनेस तज्ज्ञाला पाचारण केले. त्याने सर्वांना डोळे मिटून श्वास मोजायला लावले आणि भीती फुग्यात भरून सोडून द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई कुलूप पाहायला सात वेळा गेल्या. फुगा बहुधा यार्डातच उतरला असावा.

आता माझी चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. साहेबांच्या निकालाच्या आधीपासूनच बाई मला फोन करीत, "सर, कुलूप लागलंय ना?" मी म्हणे, "लागलंय." दहा मिनिटे शांतता, मग पुन्हा फोन. एकदा फोन आला तेव्हा मी तुकोगंजमध्ये दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलो होतो. तशाही अवस्थेत मी "लागलंय" म्हणालो. म्हणालो आणि स्वतःचीच लाज वाटली. तुकोगंजमधून हातोदचे कुलूप मला कसे दिसणार होते? माझ्या प्रत्येक होकाराने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितले, "प्रत्येक पायरी एकदाच करायची, मोठ्याने बोलून, वेळ लिहून. जागेवर काही बदलले तर पहिल्यापासून सगळे तपासा. केवळ मन बदलले म्हणून नाही. आणि मला फोन करायचा नाही."

"आणि भीती वाटली तर, सर?"

"वाटणारच. वाटू द्या. सही करा."

त्या दिवशी त्यांनी सही केली आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. तीनदा माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वीसएक मिनिटांनी त्या पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कमी झालं." कोणी काही केले नव्हते. पुढच्या खेपेला तेवढाही वेळ लागला नाही. पंधरा दिवस संपले आणि स्टोअरची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही.

साहेब सांगतात, त्या वेलनेसच्या वर्कशॉपने गुण आला. रामेश्वर भेटेल त्याला भिया, म्हणजे भाऊ, करून सांगतो, "मैडम का डर निकल गया, भिया." पण भीती अजून जागच्या जागी आहे, बाई तिच्यासकट सही करतात. तिसरी तऱ्हा खुद्द रेवतीबाईंची: "सरांनी मला धीर दिला."

हे मला सर्वांत जास्त खटकते. धीर मी महिनाभर दिला होता. तो देणे बंद केले, तेव्हा काम झाले.